जिन्यावरचा सरडा

मी बडोद्याची. त्यामुळे पूर म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको, असा माझा समज होता.

आमच्याकडे पावसाळ्यात दोनच प्रश्न विचारतात. आजव्याची पातळी किती झाली, आणि काळा घोड्याच्या पुलाखाली विश्वामित्री किती फुटांवर आहे? शाळेत असताना मला वाटायचं, सगळ्याच गावांत सकाळच्या चहाबरोबर असे आकडे सांगत असतील. आणि पूर म्हटलं की मगरी आल्याच. हिवाळ्यात कमाटी बागेच्या पुलावरून आबा मला त्या दाखवायचे. काठावर चिखलाच्या रंगाचं एखादं ओंडकं पडलेलं असायचं आणि आबा म्हणायचे, "बघत राहा, आता डोळा उघडेल." कधी उघडायचा, बहुतेक वेळा नाही. नदीला पाणी चढलं की त्यांची काठातली बिळं बुडतात आणि त्या सोसायट्यांमध्ये येतात. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं की त्याला आपण थापा मारतोय असं वाटतं.

२०२२च्या जानेवारीत मी शिकायला ब्रिस्बेनला गेले. कोविडमुळे ऑस्ट्रेलियाचे दरवाजे परदेशी विद्यार्थ्यांना नुकतेच उघडले होते. ऑखनफ्लावर नावाच्या भागात एका सत्तरीच्या बाईंच्या घरात खोली मिळाली. घर तिथल्या जुन्या पद्धतीचं, लाकडी, खांबांवर उचललेलं. वर बाई राहायच्या, आणि खाली खांबांच्या मधली जागा भिंती घालून बंद केली होती. त्यात धुण्याची मोरी आणि माझी खोली. वर जायला बाहेरून लाकडी जिना, चौदा पायऱ्यांचा. पहिल्याच आठवड्यात मी त्या जिन्यावर बसून फोटो काढला आणि घरी पाठवला. हा फोटो लक्षात ठेवा.

बाईंचा आग्रह होता की मी त्यांना नावाने हाक मारावी. माझी जीभ काही वळेना. मग मी दीड वर्ष त्यांना हाकच न मारता काढलं. समोर जाऊन उभी राहायचे आणि बोलायला लागायचे.

त्यांनी पहिल्या दिवशी घर दाखवलं तेव्हा एका खांबावरची रेघ दाखवली होती, माझ्या डोक्याच्याही वर. ती २०११ची. मग वरच्या मजल्यावर नेऊन स्वयंपाकघरात गुडघ्याएवढ्या उंचीवर आणखी एक पुसट खूण दाखवली. ती १९७४ची, आधीच्या मालकांनी करून ठेवलेली. १९७४ला ब्रिस्बेन नदी शहरात ५.४५ मीटरवर गेली होती, २०११ला ४.४६ मीटरवर. मी कौतुकाने पाहिलं. माझी खोली त्या दोन्ही रेघांच्या खाली आहे, हा हिशेब मला त्या दिवशी सुचला नाही. भाडं परवडत होतं, एवढंच सुचलं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस लागला. बडोद्यात पाऊस कोसळतो, मग थांबतो, माणसं गॅलरीत येऊन बघतात, परत कोसळतो. हा थांबतच नव्हता. शुक्रवार, शनिवार, रविवार, तीन दिवसांत शहरात सहाशे मिलिमीटरहून जास्त, म्हणजे तिथल्या वर्षभराच्या पावसाच्या निम्म्याहून जास्त पाऊस पडला. वर वायव्हनहो नावाचं मोठं धरण आहे. १९७४च्या पुरानंतर ऐंशीच्या दशकात ते बांधून पूर्ण झालं. लोक त्याची टक्केवारी तोंडपाठ सांगतात, अगदी आपल्या आजव्यासारखी. ते साठ टक्क्यांच्या आसपास होतं, ते बघता बघता १८०च्या वर गेलं. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. बाईंनी समजावलं की शंभर टक्के म्हणजे पिण्याच्या पाण्याचा साठा, त्याच्या वरची जागा खास पुरासाठी रिकामी ठेवलेली असते. पण त्या वेळी पाऊस धरणाच्या वरच नव्हे, धरणाच्या खालीही पडत होता, शहरातल्या ओढ्यांवर, आमच्या डोक्यावर. ते पाणी कुठलं धरण अडवणार?

शनिवारी रात्री आमच्या गल्लीच्या टोकाला गटाराच्या जाळीतून पाणी वर येऊ लागलं. नदी तिथून दिसतही नव्हती. ती गटारांतून उलटी चढत आली. रविवारी सकाळी बाई खाली आल्या आणि म्हणाल्या, तुझं जे काही महत्त्वाचं आहे ते वर आण, आत्ताच्या आत्ता. मी लॅपटॉप, पासपोर्ट, कागदांची फाईल आणि तांदळाची पिशवी आणली. तांदळाची पिशवी का, ते विचारू नका. दुसऱ्या फेरीत पुस्तकं आणली. तिसऱ्या फेरीला खाली गेले तेव्हा पाणी घोट्याला लागत होतं, पलंगाखालची मोठी सूटकेस पाण्यात बसली होती, आणि बाईंनी वरून ओरडून सांगितलं की आता खाली थांबायचं नाही, विजेचा भरवसा नाही.

त्या सूटकेसमध्ये आजीची गोधडी होती. तिच्याच जुन्या लुगड्यांची, तिनेच शिवलेली. आजी २०२१च्या एप्रिलमध्ये गेली. त्या महिन्यात कोण कसं गेलं ते आपल्या सगळ्यांच्या घरात ठाऊक आहे. फेब्रुवारी म्हणजे ब्रिस्बेनचा उन्हाळा, गोधडी लागत नव्हती म्हणून पलंगाखाली ठेवली होती. जूनमध्ये काढू, असं ठरवलं होतं.

खरं तर आम्ही तिथे राहायलाच नको होतं. फोनवर सूचना येत होत्या, उंच जागी जा म्हणून. बाईंचं म्हणणं असं की २०११ला पाणी वर आलं नाही, तर आता कशाला येईल. आज मला त्यांचा राग येतो, आणि माझाही. त्यांना ऐकायचं नव्हतं आणि मला पाच आठवड्यांच्या ओळखीवर वाद घालता येत नव्हता. दुपारी गल्लीचा रस्ताच बंद झाला आणि प्रश्न संपला. वीज गेली. आम्ही वरच्या व्हरांड्यात खुर्च्या टाकून बसलो.

आणि मग ती सगळी मंडळी वर यायला लागली.

आधी मुंग्या, जिन्याच्या कठड्यावरून काळ्या दोऱ्यासारख्या. मग झुरळं, गोगलगायी, तळहाताएवढे कोळी. त्यांच्या मागोमाग संध्याकाळी एक पोसम, पाठीवर पोर घेऊन. पोसम म्हणजे मांजराएवढा, गुबगुबीत शेपटीचा, झाडावर राहणारा रात्रीचा प्राणी, कांगारूच्याच जातकुळीतला. त्याचीही पोरं पिशवीत वाढतात. ती छताखालच्या तुळईवर जाऊन बसली आणि आमच्याकडे अशा नजरेने बघू लागली की जणू घर तिचं आहे. अंधार पडताना मी विजेरी फिरवली तर व्हरांड्याच्या जाळीला काहीतरी जाड वेटोळं घातलेलं. अजगर. कार्पेट पायथन म्हणतात त्याला, अंगावर गालिच्यासारखी नक्षी, विषारी नसतो. दोन मीटर तरी असेल. मी खुर्चीवर उभी राहिले. बाई बसूनच राहिल्या. म्हणाल्या, ही माळ्यावरचीच आहे, बरीच वर्षं इथेच आहे, उंदीर खाते. पाणी उतरलं की जाईल. तिथे सापाला मारणं हा गुन्हा आहे. नकोच असेल तर परवाना असलेला सर्पमित्र बोलवायचा. पण त्या रात्री सर्पमित्र काही होडीतून येणार नव्हता.

पुरात प्राणी वैर विसरतात, असं आपण गोष्टींत ऐकतो. एकाच ओंडक्यावर साप आणि उंदीर वगैरे. मला तसं काही दिसलं नाही. पोसमने रात्रभर अजगरावरची नजर काढली नाही, आणि झुरळांचं काय झालं ते पुढे सांगतेच. सगळे एका जागी आले होते ते फक्त जागा उरली नव्हती म्हणून. आम्ही दोघीसुद्धा त्यातल्याच. रात्री मी बाईंना विश्वामित्रीच्या मगरींबद्दल सांगितलं. त्या ताडकन सरळ बसल्या. क्वीन्सलंडमध्ये मगरी आहेत, पण पार उत्तरेला. ब्रिस्बेनच्या नदीत बुल शार्क असतात, मगर नाही. "शहराच्या मधोमध? आणि तुम्ही तिथे राहता?" असं त्यांनी तीनदा विचारलं. दोन हातांवर अजगर घेऊन बसलेली बाई मला हे विचारत होती.

सोमवारी, २८ फेब्रुवारीला सकाळी नदी ३.८५ मीटरवर पोचली आणि तिथे थांबली. उजाडलं तेव्हा पाऊस कमी झाला होता. खाली तपकिरी पाणी, त्याला शेणामातीचा आणि डिझेलचा वास, त्यात कुणाचं तरी फ्रीज तरंगत होतं. माझ्या खोलीच्या दाराचा वरचा भाग तेवढा दिसत होता. आणि जिन्याच्या कठड्यावर, पाण्याच्या अगदी वर, एक वॉटर ड्रॅगन बसला होता.

हा प्राणी ब्रिस्बेनमध्ये जागोजागी दिसतो, बागांत, ओढ्यांकाठी, कॉलेजच्या कँटीनबाहेर. सरड्याहून पुष्कळ मोठा, शेपटी धरून जवळजवळ मीटरभरापर्यंत, पाठीवर करवतीसारखे काटे, डोळ्यामागे काळा पट्टा. नराचं पोट तांबूस असतं. तो समोरच्याला डोकं खालीवर करून दाखवतो आणि कधी कधी पुढचा पाय उचलून हात हलवल्यासारखं करतो. शहरातल्या रोमा स्ट्रीटच्या बागेतल्या ड्रॅगनांचा तर शास्त्रज्ञ कित्येक वर्षं अभ्यास करतायत. पोहण्यात पटाईत, पाण्याखाली बराच वेळ दडून राहू शकतो. त्याला पुराची काय भीती? पण तो तिथे बसला होता ते दुसऱ्याच कारणाने. घरातलं एकूण एक झुरळ आणि कोळी त्याच कठड्यावरून वर येत होतं, आणि हा टोकाला बसून एकेक टिपत होता. पंगतीला बसल्यासारखा. मी तासभर बघत राहिले. दोन दिवसांत पहिल्यांदा मला हसू आलं.

फोनमध्ये अकरा टक्के बॅटरी होती. आईचे सात मिस्ड कॉल होते. भारत साडेचार तास मागे, तिथे अजून पहाट व्हायची होती, म्हणजे ती रात्रभर झोपली नव्हती. मी त्या ड्रॅगनचा फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला: "बघा कोण आलंय! इकडे खूप पाऊस आहे पण मी वरच्या मजल्यावर मजेत आहे. बॅटरी कमी आहे, मग बोलते." खोली गेली, सामान गेलं, गोधडी गेली, यातलं एक अक्षरही लिहिलं नाही. लिहून काय झालं असतं? दहा हजार किलोमीटरवरून ते काय करणार होते?

दुपारी उत्तरं आली. आईचे हात जोडलेले तीन इमोजी. आबांनी बोलून निरोप पाठवला, त्यांना टाइप करता येत नाही: "मोठा आहे गं सरडा. चावत नाही ना?" बाबांनी फक्त अंगठा पाठवला. मला हायसं वाटलं. युक्ती चालली. पुढचे काही दिवस मी तेच करत राहिले. संध्याकाळी इंडूरूपिलीच्या बेटावरची मोठी वटवाघळं नेहमीसारखी हजारोंनी डोक्यावरून गेली, खाली काय चाललंय याची त्यांना पर्वाच नव्हती. त्याचा व्हिडिओ पाठवला. कचऱ्याच्या ढिगावर चरणारे पांढरे पक्षी, आपल्या शराटीचे भाऊबंद, त्यांना तिथे 'बिन चिकन' म्हणतात. त्यांचा फोटो पाठवला. घरी सगळे खूश. पोरगी निसर्ग बघतेय.

पोरगी चिखल उपसत होती. पाणी उतरायला दोन दिवस लागले आणि उतरताना त्याने सगळीकडे पेढ्याच्या जाडीचा गाळ सोडला. हा गाळ ओला असतानाच काढावा लागतो, वाळला की सिमेंट. अनोळखी माणसं फावडी आणि पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याची यंत्रं घेऊन दारात उभी राहिली, नावही न सांगता कामाला लागली. कुणी तरी सॉसेज घातलेला पाव वाटत होतं. मी शाकाहारी म्हटल्यावर त्या माणसाने क्षणभर विचार केला आणि पावात नुसता परतलेला कांदा घालून दिला. इतका चविष्ट कांदा मी आजवर खाल्लेला नाही.

गल्लीत प्रत्येक घरासमोर ढीग लागले. गाद्या, कपाटं, पुस्तकं, खेळणी. माझी सूटकेस उघडली तेव्हा गोधडी ओळखू येत नव्हती. चिखलाचं गाठोडं. मी ती ढिगावर टाकली. खरंच टाकली. मग आत जाऊन बसले, आणि अर्ध्या तासाने बाहेर आले तर बाईंनी ती उचलून कुंपणावर पसरली होती आणि त्यावर पाण्याची नळी धरली होती. त्यांना ती काय आहे हे ठाऊक नव्हतं. हाताने शिवलेलं दिसतंय, हाताने शिवलेलं टाकायचं नसतं, एवढंच म्हणाल्या. चार वेळा धुतली. लुगड्यांचे रंग एकमेकांत उतरले, एका कोपऱ्यात टाके सुटले, आणि पावसाळी हवेत तिला अजूनही गाळाचा वास येतो. पण ती आहे.

अजगर मंगळवारी कधी तरी माळ्यावर परत गेला. पोसम आणि तिचं पोर गेलं. मागच्या आवारात आंब्याखाली एका ब्रश टर्कीचा ढीग होता. हा काळा, लाल मुंडीचा, कोंबड्यासारखा पक्षी पालापाचोळ्याचा माणसाच्या कमरेएवढा ढीग रचतो, मादी त्यात अंडी घालते आणि कुजणाऱ्या पाल्याच्या उबेवर ती उबतात. नर चोच खुपसून आतली ऊब बघतो, पाला वरखाली करतो. तो ढीग पुरात पूर्ण वाहून गेला. ऑगस्टमध्ये मी बघितलं तर साहेब पुन्हा हजर, शेजारच्यांच्या बागेतला पाला पायांनी मागे फेकत आणत होते. बाई फावडं घेऊन त्याच्या मागे धावायच्या. सापाला माफी, पण टर्कीला नाही.

घरी मी खरं काय ते सांगितलंच नाही. जेव्हा सुट्टीत बडोद्याला आले, तेव्हा गोधडी तिकडेच ठेवून आले. आबांनी विचारलं, थंडीत वापरतेस ना? म्हटलं, हो.

आता २०२४. शिक्षण संपून मी ब्रिस्बेनमध्येच नोकरीला लागले होते, घर बदललं होतं. या वेळी टेकडीवर. ऑगस्टची २६ तारीख, जन्माष्टमी. बडोद्यात सकाळपासून धो धो. आमचं घर अकोट्यात, तळमजल्यावर. दांडिया बाजारातला वाडा सोडल्यावर आबांनी जिना नको म्हणून तळमजला घेतला होता. २०१९च्या पुरात पाणी ओट्यापर्यंत येऊन परत गेलं होतं, त्यामुळे आमच्याकडे बाईंसारखंच तत्त्वज्ञान: तेव्हा आलं नाही, तर आता कशाला येईल.

विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली. मी ऑफिसात बसून काळा घोड्याचे आकडे बघत होते. घरचे फोन लागत नव्हते. मंगळवार तसाच गेला. बुधवारी माझ्या दुपारी बाबांचा व्हिडिओ आला. आमच्या सोसायटीची गल्ली पाण्यानं भरलेली, गाड्यांची फक्त टपं वर, आणि दोन टपांच्या मधून एक मगर सावकाश पोहत चाललीय. नाक, डोळे आणि पाठीची करवत. खाली बाबांनी लिहिलं होतं: "बघ, इकडे कोण आलंय! वीज नाही, बॅटरी कमी आहे. आम्ही मजेत."

मी पहिल्यांदा तो ऑफिसातल्या मित्रमैत्रिणींना दाखवला. सगळे ओरडले. मी थोडी भावही खाल्ला. मग संध्याकाळी एकटीने परत बघितला आणि पोटात गोळा आला.

ती वाक्यं माझी होती.

मग मी तो पुन्हा पुन्हा बघितला, पण मगर सोडून. व्हिडिओ वरून काढलेला होता. आमच्या ओट्यावरून काढला असता तर ग्रिल दिसलं असतं. हा दुसऱ्या मजल्यावरून होता, म्हणजे वरच्या काकींच्या गॅलरीतून. आणि आवाज मोठा केल्यावर मागे काकी कुणाला तरी दटावत होत्या, "आबाने ऊंघवा दो ने, भाई." आबांना झोपू द्या. सकाळी साडेनऊला? माझे आबा पहाटे पाचला उठतात आणि दिवसा झोपणाऱ्यांची टवाळी करतात.

काकींचा फोन गुरुवारी रात्री लागला. त्यांना खोटं बोलता येत नाही. सोमवारी मध्यरात्री घरात पाणी शिरलं, तासाभरात छातीला लागलं. बाबा आणि वरची दोन मुलं आबांना खुर्चीत बसवून वर नेत होती, अंधारात एकाचा पाय घसरला, आबा खुर्चीसकट कलंडले आणि मनगटावर पडले. दोन दिवस बाहेर जाता येत नव्हतं. काकींनी फूटपट्टी आणि ओढणीने हात बांधून ठेवला होता, दुखण्याच्या गोळ्या देत होत्या, त्यामुळे गुंगी. त्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरमधून दवाखान्यात नेलं, हाड मोडलंय, प्लास्टर घातलंय. "तने नथी कह्युं?" काकींनी विचारलं. नाही, मला नाही सांगितलं.

त्या आठवड्यात बडोद्यातून वीसहून जास्त मगरी पकडून सोडल्या. वनखात्याची माणसं आणि प्राणीमित्र मुलं दोरी घेऊन कमरेएवढ्या पाण्यात फिरत होती. डोळ्यांवर ओलं फडकं टाकलं की मगर शांत होते, आणि जबडा मिटण्याची ताकद प्रचंड असली तरी उघडण्याची अगदी कमी, म्हणून साध्या चिकटपट्टीनेही तो बांधता येतो. दोन तरुण मगरीला स्कूटरवर मधे आडवी घेऊन वनखात्याच्या कचेरीत निघाल्याचा व्हिडिओ तर जगभर फिरला. मला ब्रिस्बेनमध्ये निदान दहा जणांनी तो पाठवला. मी प्रत्येकाला हसणारा चेहरा पाठवला.

शुक्रवारी बाबांशी बोलणं झालं. मी चिडले होते. आयुष्यात बाबांवर इतका आवाज चढवला नव्हता. तुम्ही मला मगर दाखवलीत, म्हटलं. आबांचा हात मोडलाय आणि तुम्ही मला मगर दाखवलीत!

ते शांतपणे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "तू कुठे सांगितलं होतंस?"

"काय?"

"चौदा पायऱ्या होत्या. तुझ्या पहिल्या फोटोत मी सहज मोजल्या होत्या, आबांना चढायला जमतील का म्हणून. त्या सरड्याच्या फोटोत सहाच होत्या."

मी काहीच बोलले नाही.

"खाली तुझी खोली होती ना? मला ठाऊक होतं. आईला नाही सांगितलं. तुला विचारलं असतं तर तू आणखी खोटं बोलली असतीस, म्हणून नाही विचारलं. ते चार दिवस मी तुमच्या त्या नदीची पातळी मोबाइलवर बघत बसलो होतो. आजव्याची कधी इतक्या वेळा बघितली नसेल."

मागे आई होती. तिला या दोन्ही गोष्टी एकदमच कळल्या. ती आमच्या दोघांवरही चिडली. अजूनही विषय निघाला की चिडते, आणि तिचं बरोबर आहे असं मला वाटतं. बाबांना तसं वाटत नाही. ते म्हणतात, पाणी चढत असताना सांगायची गोष्ट नसते ती, उतरल्यावर सांगायची. मग मी विचारते, तुम्ही उतरल्यावर तरी कुठे सांगितलंत? इथे आमचा वाद अडकतो.

त्या दिवशी मी गोधडीचंही सांगून टाकलं. ढिगावर टाकली होती हेसुद्धा. फोन आबांकडे दिला होता. प्लास्टरचा हात उशीवर ठेवून ते बसले होते, त्यांच्यामागे काकींच्या भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. त्यांनी थोडा वेळ काहीच म्हटलं नाही. मला वाटलं फोन अडकला.

"उन्हात वाळवलीस ना नीट?" त्यांनी विचारलं. "दोन्ही बाजूंनी?"

हो म्हटलं. खरंच वाळवली होती, आठवडाभर.

"सुटलेले टाके तसेच ठेव. पुढच्या खेपेला घेऊन ये, काकी घालून देतील." मग जरा थांबून म्हणाले, "आणि तो सरडा? त्याचं काय झालं पुढे?"

मला खरं तर आठवत नव्हतं. पाणी उतरायला लागल्यावर तो कधी गेला ते मी बघितलंच नव्हतं. तसं त्यांना सांगितलं.